गावात काम नाही की कामाला माणूस नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे सिंधुदुर्गातले, आयटीआय इलेक्ट्रिशियन. सध्या पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात कंत्राटी आहेत, हातात महिना २४ हजार येतात. पत्नी जीएनएम नर्स. गावी घर आहे, सामाईकात थोडी आंबा-काजूची कलमं आहेत आणि परत यायचं मनात आहे. गावातले मित्र सांगतात, 'इथे काम नाही, येऊ नकोस.' काका सांगतात, 'कामाला माणूस मिळत नाही, नेपाळहून आणावा लागतो.' यातलं खरं कोणाचं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी कुडाळ भागात मुलांना कामाला लावण्याचं आणि छोट्या धंद्यांचे प्रकल्प अहवाल करून देण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. ही दोन्ही वाक्यं मला एकाच दिवशी, कधी एकाच घरात ऐकू येतात, आणि दोन्ही खरी आहेत. तुमचे मित्र बारा महिन्यांच्या पगाराबद्दल बोलतात, तर काकांना हवा आहे चार-पाच महिन्यांचा गडी. आपल्या जिल्ह्यात काम भरपूर आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत आहे. माणसाचं अख्खं वर्ष विकत घेणारा मालक क्वचित सापडतो. म्हणून 'नोकरी मिळेल का' या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आपले बारा महिने कोणकोणत्या कामांनी भरतील आणि त्यातले किती पैसे वेळेवर हातात येतील, हे तपासायला हवं.

काकांच्या बागेचंच वर्ष बघा. पाऊस ओसरला की साफसफाई. थंडीत मोहोर आला की फवारण्या सुरू, त्या फळ मोठं होईपर्यंत चालतात. जानेवारीपासून राखण, कारण माकडं आणि चोर दोघांनाही बाग ठाऊक असते. मार्च ते मे झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या, गाडी वाशीला लावायची. मृग लागला की बागेतलं काम जवळजवळ संपतं. अशा बागेला हवा असलेला माणूस रात्रंदिवस मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपट्यात, राहणारा, शक्यतो जोडप्याने काम करणारा आणि हंगाम संपला की आपणहून जाणारा असा असतो. नेपाळी कुटुंब यात बसतं. नवरा राखण आणि फवारणी बघतो, बायको निवडायला-भरायला असते, राहायचा खर्च नाही, आणि साठलेले पैसे घेऊन ते पावसाआधी घरी जातात. त्यांच्या गावच्या खर्चाच्या मानाने ती रक्कम उपयोगाची ठरते.

त्याच पगारात आपल्या वाडीतला मुलगा का येत नाही? 'कोकणी माणूस आळशी' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा मला मनापासून राग येतो. त्या मुलाचं घर इथेच आहे, म्हणजे जून ते डिसेंबरचा खर्चही इथेच आहे. पाच महिन्यांच्या पगारावर बारा महिन्यांचं घर चालवायचं, पीएफ नाही, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) आधार नाही, पुढच्या वर्षी तेच काम मिळेल याची हमी नाही. वर आई-वडिलांनी त्याला बारावीपर्यंत शिकवलं आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पुढे असतो आणि गावात मात्र जे काम आहे त्याला त्या शिक्षणाची गरज नाही. असा मुलगा मुंबईला किंवा गोव्याला जातो, कारण त्याने हिशेब केलेला असतो. त्याचा हिशेब बरोबर आहे.

मासेमारीतही हीच गत आहे, फक्त महिने वेगळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, म्हणजे ६१ दिवस बोट किनाऱ्याला. मोठ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून बाहेरून आलेली माणसं दिसतात, नेपाळची, कर्नाटकची, उत्तरेकडची. मालवण-वेंगुर्ल्याकडचा गाबीत (मच्छीमार) समाजातला तरुण शक्यतो घरच्या छोट्या होडीवर जाळं टाकणं पसंत करतो. तिथे कमाई अनिश्चित असते, पण वाटा स्वतःचा असतो. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांचा इतकी वर्षं संघर्ष चालला आहे त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मासा किनाऱ्याजवळ उरला नाही तर या मुलांना दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होण्यावाचून मार्ग राहत नाही.

पर्यटनाकडून सगळ्यांच्या आशा मोठ्या आहेत. १९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली-मालवणला त्याने खरोखर रोजगार दिला हे मी रोज पाहतो: स्कूबाचे गाईड, होड्या, न्याहारी-निवास, खानावळी, रिक्षा. पण मे अखेरीला समुद्र खवळला की जलक्रीडा बंद, किल्ल्याची होडी बंद, ते थेट ऑगस्ट संपेपर्यंत. उरलेल्या काळातही गर्दी शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढ्यातच एकवटते. म्हणून हॉटेलवाला कायमची दोन माणसं ठेवतो आणि गर्दीला चार रोजाने बोलावतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा हे चित्र लगेच पालटेल असं अनेकांना वाटलं. विमानतळाने माणसं येतील, पण आषाढातला समुद्र शांत होणार नाही.

इथवरचा मुद्दा एवढाच, की आंबा, मासळी आणि पर्यटन हे आपले तीन मोठे धंदे आणि तिन्ही पावसात एकदमच थंडावतात. पावसात भाताची लावणी असते, पण ती बहुतेकांची घरचीच. एका धंद्याची उणीव दुसरा भरून काढेल असं घडत नाही, कारण तिघांची मंदी एकाच वेळी येते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट नकाशा बघून कळत नाही. तुम्ही इथले आहात, तुम्हाला कळेल.

आकडेवारीबद्दल थोडं सांगतो, कारण 'जिल्ह्यात बेरोजगारी किती टक्के' असंही तुम्ही विचारलं आहे. या आकड्यावर निर्णय घेऊ नका. सरकारच्या श्रमबल पाहणीत चालू साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो, आणि घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाराही त्यात येतो. काकांच्या बागेत आठवड्यातून दोन दिवस हात लावणारा पदवीधर पुतण्या त्या हिशेबात बेरोजगार नसतो. उलट महास्वयम् या सरकारच्या रोजगार नोंदणी पोर्टलवर मुंबईत नोकरी करणारी मुलंही सापडतात, कारण नाव काढायला कोणी जात नाही. एक आकडा प्रश्न लहान दाखवतो, दुसरा फुगवून.

मला जनगणनेचे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. २००१ मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. मुंबई शहर जिल्हा सोडला तर त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटलेले हे दोनच जिल्हे. आणि हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६. कमावत्या वयाचे पुरुष बाहेर आहेत, एवढाच याचा अर्थ. बेरोजगार माणूस इथे बेरोजगार म्हणून दिसत नाही, कारण तो गाडीत बसून निघून गेलेला असतो. मागे राहतात म्हातारी माणसं, बायका, शाळेतली मुलं आणि कुलूप लावलेली घरं. तुमच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, कारण तुमचं आणि तुमच्या पत्नीचं काम याच वस्तुस्थितीतून निघणार आहे.

आता तुमच्याकडे वळतो. सगळ्यात आधी तालुका कोणता, यावर खूप काही अवलंबून आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडचे असाल तर तुमचा खरा रोजगाराचा बाजार गोवा आहे. तिकडच्या कारखान्यांत रोज मोटारसायकलने किंवा कंपनीच्या बसने जाणारी मुलं असंख्य आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळाहून विमानं उडू लागल्यापासून त्यात भर पडली आहे. इलेक्ट्रिशियनला तिथे पगाराची नोकरी मिळू शकते, म्हणजे घरी राहून बारा महिन्यांचा पगार. पण अशा बऱ्याच जागा कंत्राटीच असतात, आणि रोजचा प्रवास पावसात अंगावर येतो. कुडाळ-कणकवलीकडे महामार्ग, रेल्वे स्थानक, बाजारपेठ आणि कुडाळची एमआयडीसी यांमुळे दुकान टाकून बसणाऱ्याला वाव आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ला किनारपट्टीला असाल तर धंदा हंगामी, पण दुरुस्तीचं काम सर्वांत जास्त. वैभववाडीचा ओढा पुष्कळसा घाटावर, कोल्हापूरकडे.

दुसरं अवलंबून आहे ते तुमच्या हातावर. कारखान्यात तुम्ही नक्की काय करता? नुसती असेंब्ली लाइनवर उभं राहण्याची नोकरी असेल तर परत येण्याआधी सहा महिने तरी बाहेरच्या वायरिंगचा, मोटर रिवाइंडिंगचा, एसी-फ्रिजचा सराव करा. गावात मिळणारं काम असं असतं: विहिरीचा पंप जळला, इन्व्हर्टर बंद पडला, होमस्टेच्या चार खोल्यांतले एसी धड चालत नाहीत, मासळीच्या दुकानातला डीप फ्रीजर बंद. एकाच माणसाला हे सगळं यावं लागतं, कारण वाडीवर वेगवेगळे तीन कारागीर बोलावणं कोणाला परवडत नाही. खारी हवा किनाऱ्यालगतची वायर, पत्रा, कॉम्प्रेसर काहीच फार दिवस टिकू देत नाही. पावसात विजा आणि पडलेली झाडं यांनी भर घातलेली असते. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे वायरमनसाठी लोक अक्षरशः हाता-पाया पडत होते.

आणि याच कारणासाठी तुमचा धंदा मला इतरांपेक्षा वेगळा वाटतो. आंबा, मासळी, पर्यटन पावसात थंडावतात तेव्हा दुरुस्ती वाढते. गणपतीच्या आधी महिनाभर तर विचारू नका. चाकरमानी येणार म्हणून बंद घरं उघडतात, पंप तपासायचे असतात, गणपती बसतो त्या माटोळीच्या खोलीला नवा दिवा, अंगणात माळा. शिमगा आणि मे महिन्यातही तसंच. म्हणजे ज्या महिन्यांत बाकीचे रिकामे असतात त्यांतले निदान दोन तुमचे भरलेले असतील. प्रत्येकाला हे जमत नाही. बी.ए. झालेल्या मुलाला मी इतक्या खात्रीने परत ये म्हणू शकत नाही.

पण एकेका बोलावण्यावर घर चालवू नका. माझा आग्रह वार्षिक देखभालीच्या करारांवर असतो. पाच-सहा होमस्टे, एखादी शाळा, एखादं छोटं रुग्णालय, आणि वीसेक बंद घरं ज्यांच्या किल्ल्या तुमच्याकडे राहतील. मुंबईतला मालक महिना ठरावीक रक्कम आनंदाने देतो, कारण पावसात गळती झाली, झाड पडलं, मोटर जळली तर कळवायला गावात कोणी उरलेलं नाही. ही रक्कम लहान असते, पण दर महिन्याला येते आणि फोनवर जमा होते. छतावरच्या सौर पॅनेलचं कामही शिकून घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे बसवणाऱ्या एजन्सींना हाताखाली माणसं लागतात. तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना मात्र काढून ठेवा. त्याशिवाय वायरिंगची कामं अधिकृतपणे करता येत नाहीत.

उधारीबद्दल स्पष्ट बोलतो. इथे काम न मिळाल्याने बसलेल्या कारागिरांपेक्षा पैसे न मिळाल्याने परत शहरात गेलेले कारागीर मी जास्त पाहिले आहेत. गावात सगळेच नात्यातले. 'आंब्याचे पैसे आले की देतो' हे वाक्य डिसेंबरात ऐकायला मिळतं आणि पैसे जूनमध्ये येतात, तेही दलालाने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, वेळेवर दिली तर. सामानाचे पैसे आधी घ्यायचे, मजुरी नंतर, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. नंतर लावला तर लोक दुखावतात.

तुमच्या पत्नीच्या कामाचा विचार तुम्ही प्रश्नात शेवटी, एका ओळीत केला आहे. मी तो आधी केला असता. नर्सची गरज इथे बारा महिने आहे, पावसातही. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीत खाजगी रुग्णालयं आहेत, ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा निघत असतात. खाजगीत पगार पुण्यापेक्षा कमी मिळेल, हे धरून चला. पण तो दर महिन्याला येणारा असेल, आणि तुमच्या घराचा पाया तोच ठरेल. शिवाय एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी येऊन इंजेक्शन देणं, जखम बांधणं, साखर तपासणं याची मागणी फार मोठी आहे. मुलं मुंबईत असतात आणि जवळच्या दवाखान्यात न्यायला घरात कोणी नसतं. त्यासाठी स्थानिक डॉक्टरच्या सल्ल्याखाली काम करायची व्यवस्था लावा, परिचर्या परिषदेची (नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी चालू ठेवा.

पुण्याच्या २४ हजारांशी तुलना करताना मिळकत नको, शिल्लक मांडा. तिथलं घरभाडं, गावी येण्या-जाण्याचा खर्च वजा करा. इथल्या बाजूला पेट्रोल धरा, ते लोकांना वाटतं त्याहून जास्त जातं, कारण आपल्या वाड्या विखुरलेल्या. पीएफमध्ये मालक भरत असलेला वाटा आणि ईएसआयसीचं संरक्षण जाणार आहे, त्याच्या बदल्यात आरोग्य विम्याचा हप्ता धरा. सावंतवाडी पट्ट्यातल्या गंभीर रुग्णाला आजही बांबोळीला, गोव्यात न्यावं लागतं. तो खर्चही आयुष्यात कधीतरी येतोच.

आता कलमांबद्दल. प्रत्येक जण मला सांगतो, 'बाग आहे ना, काही नाही जमलं तर बाग करू.' सामाईक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतील, त्यातली निम्मी माणसं मुंबईला आणि दोन-तीन हयात नसतील, तर त्या बागेवर कर्ज मिळणं, खोल्या बांधणं, अनुदान घेणं सगळंच अडतं. वाटप करून घ्यायला वेळ लागतो, आणि भावकीत शब्द वाढतात. १९९० च्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात हजारो हेक्टरवर कलमं उभी राहिली, पण त्या जमिनीची नावं सुटसुटीत झाली नाहीत. जिल्ह्यातली कितीतरी कामं त्या एका कागदात अडकून पडली आहेत असं माझं ठाम मत आहे. तेव्हा बागेचं उत्पन्न पहिली दोन-तीन वर्षं हिशेबात शून्य धरा. आलं तर वरचं.

भांडवल लागलं तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि महिलांसह विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. अनुदान लगेच हातात पडत नाही, ते बँकेत अडकून राहतं आणि हप्ते चोख भरले तरच कर्जात वळतं होतं. रिवाइंडिंगचं यंत्र आणि एसी दुरुस्तीची अवजारं एवढ्यापुरतं कर्ज घ्या. गाळा विकत घेण्यासाठी घेऊ नका.

माझा सल्ला असा, की दोघांनी एकदम नोकरी सोडू नये. आधी पत्नीची जागा पक्की करा, त्या इथे रुजू होऊ देत. तुम्ही येणाऱ्या गणपतीला दोन आठवडे जास्त सुट्टी काढून या, वाडीतल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या बंद घरांच्या मालकांना प्रत्यक्ष भेटा, कारण वर्षातून तेवढेच दिवस ते सगळे गावात सापडतात. किती जण महिन्याची रक्कम द्यायला तयार होतात ते लिहून काढा. पत्नीचा पगार आणि हे करार मिळून घरखर्च निघत असेल तर या. निघत नसेल तर आणखी एक वर्ष चाकणला काढा आणि तेवढ्यात एसीचं काम शिका.

तालुका कोणता, कारखान्यात नेमकं कोणतं काम करता आणि सातबाऱ्यावर किती नावं आहेत, एवढं कळवलंत तर महिनावार हिशेब मांडून देतो.